न्हाणीच्या दाराबाहेर

गडचिरोलीला असताना आईसाठी गॅसचा गिझर घेतला. तो बसवायला आलेल्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही.

"भाऊ, न्हाणीतच लावा ना," आई म्हणाली.

"नाई बाई. गॅस जळते तवा विषारी हवा निंगते. तिले वासही नसते."

त्याने गिझर मागच्या उघड्या पडवीत बसवला, धुराचा पाइप छपराबाहेर काढला आणि न्हाणीच्या भिंतीत वर झरोका पाडला. मग उदबत्ती पेटवून झरोक्यापाशी धरली आणि धूर कुठे जातो ते बराच वेळ पाहत राहिला.

काम संपलं तरी तो जाईना. आई अंघोळीला गेली, तेव्हा दाराकडे पाठ करून बसला आणि तिला मोठ्याने माहेरचं विचारू लागला. आई आतून चिमूरकडची शेतं, भाऊ, मैत्रिणी असं काय काय सांगत हसत होती.

"एवढं काऊन बोलून राह्यले?" मी विचारलं.

"माह्या बहिणीले कोणी आवाज नाई देला," तो हळू म्हणाला. "आमाले वाटलं, न्हाऊन राह्यली."

आई केस पुसत बाहेर आली, तेव्हाच तो उठला.

आता आई नाही. तिच्या माहेराबद्दल मला जे माहीत आहे, ते बहुतेक सगळं त्या दुपारी ऐकलेलं आहे.