माझं मशीन, माझी आजी

मी सीटी स्कॅनची मशिन्स दुरुस्त करते. हडपसरमधल्या एका हॉस्पिटलचं मशीन मागच्याच आठवड्यात तपासून दिलं होतं. आज सकाळी त्यावर माझ्या आजीचा स्कॅन झाला.

आत जाताना ती टेक्निशियनला म्हणाली, "हे माझ्या नातीनं दुरुस्त केलंय बरं का! लहानपणी मिक्सर उघडून बसायची. मार खाल्लाय माझा."

मी काचेमागे उभी होते. स्क्रीनवर यकृतातल्या गाठी दिसल्या. मी डॉक्टर नाही, पण इतक्या वर्षांत एवढं कळतं.

बाहेर येऊन तिनं विचारलं, "काय गं, नीट चाललं ना तुझं मशीन?"

"हो आजी, अगदी नीट."

ती खूश झाली. रिक्षावाल्यालाही सांगितलं.

मशीनमध्ये बिघाड निघावा, असं मला आज पहिल्यांदाच वाटलं. रिपोर्ट उद्या मिळेल. तोवर तिला नातीचं कौतुक करू द्यावं ना?