दाराशी लावलेली श्रुतिका

सुमे, फोन जरा कानाशी धर गं. इथून तासाभरावर डेल्फ्टला राहतेस की चंद्रावर? कधी तोंड दाखवत नाहीस! आज कपाट आवरताना कापूर-ओव्याची पुरचुंडी सापडली. वास आला आणि मी थेट कोरोनातल्या त्या दुपारी जाऊन पोचले.

माझा संजू खोलीत एकटा, तापानं फणफणलेला. दाराबाहेर मी. विचारलं की म्हणायचा, "आई, बरा आहे मी." पण खोकला काही थांबेना. त्याला तेवढीच सोबत म्हणून मोबाइलवर एक जुनी श्रुतिका लावून दाराशी ठेवली. त्यात एक साधा कारकून असतो. चारचौघांत हसतो आणि मनातलं मात्र कुजबुजत बोलतो, "मला भीती वाटते."

थोड्या वेळानं पुन्हा कुजबूज आली, "श्वास पुरत नाहीये."

मला वाटलं, कारकूनच बोलतोय. बघते तर श्रुतिका कधीच संपलेली! ताबडतोब अँब्युलन्स बोलावली. वाचला गं पोरगा.

तेव्हा नुसती घाबरले होते. आता वाटतं, कारकुनानं आधी कबूल केलं, म्हणूनच संजूला बोलायचा धीर झाला.

तू फोनवर "मजेत" म्हणतेस, त्यानं माझं समाधान होत नाही. या रविवारी ये. डोळ्यांनी बघू दे तुला.