भावाच्या दाखल्यावर गेलेला फौजी

आमच्या गावच्या जत्रेत पालखी देवळाकडे वळायच्या आधी पारावर फौजी घरांना मानाचा विडा देतात. गावातला सगळ्यात जुना पेन्शनर, आम्ही सगळे त्यांना सुभेदार म्हणायचो, एकेका फौजीचं नाव पुकारतो. त्या घरातला कर्ता पुढे येतो, विडा कपाळाला लावतो आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहतो. साताऱ्याकडे अशी गावं पुष्कळ आहेत, जिथे पाव्हण्याला आधी पलटण विचारतात आणि मग आडनाव. आमच्या घराला विडा नव्हता. पुकारा सुरू झाला की माझे वडील बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं उठून जायचे. बैल त्या वेळेला तहानलेले नसायचे, हे मला लहानपणीही कळत होतं.

कारण माझे आजोबा पळपुटे होते. निदान गाव तसं म्हणायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तालुक्याला भरती आली तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं लागलं नव्हतं. घरात बायको, पाळण्यात माझे वडील. थोरल्या भावाशी बांधावरून भांडण झालं आणि ते निघून गेले. शेजारच्या गावातल्या एकानं त्यांना भरतीच्या रांगेत बघितलं होतं. त्यानंतर ना पत्र, ना मनिऑर्डर. लढाई संपून गावचे लोक परत आले, त्यांनी आपापल्या परीनं चौकशी केली, तर त्या नावाचा माणूस कुठल्याच पलटणीत नाही. मग गावानं निकाल लावून टाकला. रांगेतून पळाला, आणि लाजेनं कुठंतरी दडून राहिला. आजी तेच ऐकत म्हातारी झाली आणि गेली.

सातवीत नापास झालो आणि मी शाळा सोडली. घरची अडचण होती, पण माझंही मन शाळेत नव्हतं, हे आज लिहायला हरकत नाही. नव्वदच्या सुमारास एका ओळखीच्या ड्रायव्हरनं मला कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर चिकटवून दिलं. भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन लिहायचं, रिकामा झाला की परत लिहायचं, पावती फाडायची. राहायला पनवेलमध्ये एका रिटायर्ड मिलिटरी क्लार्कच्या घरामागची खोली मिळाली. काकांनी सगळी नोकरी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात काढलेली. काकी इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. भाडेकरूनं रविवारी त्यांच्याकडे जेवायचं, असा काकींचा कायदा होता. मला तांदळाची भाकरी सुरुवातीला गळ्याखाली उतरत नसे, ज्वारीच्या भाकरीची आठवण यायची. ताट समोर आलं की डोळे भरून यायचे, म्हणून मी मान खाली घालून जेवायचो. काकींना वाटायचं, पोरगं लाजाळू आहे.

माझा स्वभाव पहिल्यापासून भित्रा. काट्यावर आकडा चुकला तर शेठ घरी पाठवेल, घरी गेलो तर वडील काय म्हणतील, असं सारखं चालू असायचं. त्यामुळे गप्पांमध्ये माझी बाजू लंगडी. एका रविवारी काका म्हणाले, "काहीतरी बोल रे. इथं काय पहाऱ्यावर आहेस?" आजोबा भरतीच्या रांगेतून नाहीसे झाले, एवढं त्यांना माझ्याकडून आधीच कळलं होतं. म्हणून या वेळी मी आमच्या घरातली एक हसायची गोष्ट सांगितली.

गोष्ट अशी. लढाईच्या काळात एकदा सरकारी पाकीट आलं, पणजोबांच्या नावानं. इंग्रजी होतं, म्हणून शाळेच्या मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी पारावर मोठ्यानं वाचलं, की आपला मुलगा अमुक अमुक फौजेत कामी आला आहे. आणि नाव होतं थोरल्या आजोबांचं, म्हणजे आजोबांच्या थोरल्या भावाचं! थोरले आजोबा तिथेच बसून तंबाखू मळत होते. त्यांनी आयुष्यात गावची वेस फक्त बाजारासाठी ओलांडलेली. सगळा पार हसला. पुढे कितीतरी वर्षं लोक त्यांना रामराम घालताना विचारायचे, "काय, आज जिवंत का?"

मी स्वतःच हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी घास ताटात ठेवला.

"कागद आहे का तो?"

"असेल की. शिक्का मारलेला कागद आमच्यात कुणी टाकत नाही. थोरल्या आजोबांनी जमिनीच्या कागदांबरोबर पत्र्याच्या डब्यात ठेवला होता."

"थोरला शाळा शिकला होता?"

"चौथी."

"आणि तुझा आजोबा?"

"ते शाळेत गेलेच नाहीत. गुरं राखायचे."

"मग हसतोस काय गाढवा?" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की मी ताटावरून उठायलाच लागलो.

काकी आतून आल्या. "अवो, पयला त्याला जेवू द्या. आमी कवाधरनं राबतोय. तुमचा दफ्तर काय पळून जात नाय."

काका खालच्या आवाजात बोलायला लागले. म्हणाले, "घरात दोन भाऊ आणि दाखला एक. अशी प्रकरणं मी या हातानं काढली आहेत. वय कमी पडलं, शाळा कमी पडली, की धाकट्यानं थोरल्याचा दाखला उचलायचा आणि त्याच्या नावानं भरती व्हायचं. म्हणून तर तुमच्या लोकांना तो स्वतःच्या नावानं सापडला नाही. थोरला गावात जिवंत बसला होता ना? मग त्याच्या नावानं मेला तो कोण?"

भाकरीचा घास माझ्या तोंडातच राहिला. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला आधी भीती वाटली. खोटं नाव सांगणं म्हणजे गुन्हा. "काका, वडिलांना पोलीस धरतील का हो?"

"कशाबद्दल? पाळण्यात झोपला होता म्हणून?"

ती भीती गेली, पण खरी भीती दुसरीच होती. समजा, तो कागद खरोखरच कुणा दुसऱ्याचा असला तर? वडील जन्मभर बैलांमागे जाऊन उभे राहिले. त्यांना आशा दाखवायची आणि परत काढून घ्यायची, हे माझ्यानं होणार नव्हतं. म्हणून त्यांना काही सांगायचं नाही, असं ठरवलं. काकांनाही ते पटलं.

शेठकडून दोन दिवसांची सुट्टी मागून मी पनवेलच्या स्टँडवरून एसटी पकडली. डबा आता चुलत्यांकडे, म्हणजे थोरल्या आजोबांच्या मुलाकडे होता. "त्या कागदाचं काय करतोस? काट्यावर तोलणार?" असं म्हणत त्यांनी तो काढून दिला. घडीवर फाटलेला, पण शिक्का शाबूत. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी पोटाशी धरला आणि पनवेल येईपर्यंत डोळा लागू दिला नाही.

काकांनी भिंगातून कागद बघितला आणि म्हणाले, "नंबर आहे. बास. नाव माणूस कुणाचंही सांगेल, नंबर पलटणीनं दिलेला असतो."

मला वाटलं, आता अर्ज काका लिहितील. पण त्यांनी मलाच बसवलं. "आजोबा तुझा, अर्ज तू लिहायचा." इंग्रजी मजकूर ते सांगायचे, मी पेन्सिलनं लिहायचो. शब्द अडले की ते एकेक अक्षर सांगायचे, पण हातात पेन्सिल घ्यायचे नाहीत. मी मध्येच विचारून 'गरीब' आणि 'कृपाळू' असे शब्द घालायला गेलो, तर त्यांनी खोडरबर पुढे केलं. "अर्ज रडका नको. कुणाचं पाहिजे, काय पाहिजे, का पाहिजे. तीन ओळी. तो क्लार्क दिवसाला पन्नास अर्ज वाचतो, त्यालाही घरी जायचं असतं." माझे आकडे बघून मात्र ते खूश झाले. सातवी नापासाच्या वहीला जे कधी मिळालं नाही ते त्यांनी दिलं, कागदाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण.

काय मागायचं तेही त्यांनीच सांगितलं. भरतीच्या वेळची घरच्यांची नोंद. "नाव भावाचं सांगितलं. बापाचं नाव दोघांचं एकच. पण बायकोचा रकाना असतो. बायको काही भावाची सांगणार नाही."

काकी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सांगंल तर बायको जित्ता ठेवंल काय!"

पहिल्या अर्जाला उत्तर आलं, की नातं सिद्ध करा. मी तलाठ्याचा दाखला मागवला, बहाणा सांगितला रेशनकार्डाचा. तो जोडून पाठवला. मग काहीच नाही. दर महिन्याच्या एक तारखेला काका मला बसवून स्मरणपत्र लिहायला लावायचे, आणि ते एका जुन्या वहीत जावक म्हणून नोंदवायचे. गुडघा दुखत असला तरी पोस्टात स्वतः जायचे, पावती आणून वहीला टाचणीनं लावायचे. मी एकदा म्हणालो, "जाऊ द्या काका, तुम्हाला किती त्रास." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "चाळीस वर्षं मी अशा अर्जांची आवक घेतली. कितीतरी बाया दोन अर्जांत थकल्या आणि गप्प बसल्या, त्यांचे कागद माझ्यासमोर कपाटात होते. तू थकायचं नाहीस." ते कधी स्वतःबद्दल बोलत नसत. त्या दिवशी एवढंच बोलले.

पाकीट आलं तेव्हा मी काट्यावर होतो. काकांनी ते सकाळपासून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं, फोडलं नव्हतं. "तुझ्या नावाचं आहे. मी कसं फोडणार?" मी ते नुसतं उलटंसुलटं करत राहिलो. शेवटी काकींनी भाजीच्या सुरीनं ते उघडलं.

एकच पान. काका बोट ठेवून वाचत गेले. नाव थोरल्या आजोबांचं. बापाचं नाव, गाव, तालुका बरोबर. अंगावरची खूण, डाव्या भुवईवर जखमेचा व्रण. मग काकांचं बोट थांबलं. "आजीचं नाव काय तुझ्या?"

मी सांगितलं. त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. मला इंग्रजी अक्षरं जुळवायला वेळ लागतो. ते नाव मी एका दमात वाचलं.

आसामच्या बाजूला फौजेच्या दवाखान्यात तापानं गेले होते. भरतीला वर्षही झालं नव्हतं. मनिऑर्डर का नाही, ते काकांनी उलगडून सांगितलं. पाठवणारा म्हणून थोरल्याचं नाव घेऊन ती घरी आली असती, बिंग फुटलं असतं, नोकरी गेली असती. सुट्टीवर जाऊन सगळं सांगायचं, असं त्यानं मनाशी धरलं असणार.

"थांब," काका म्हणाले. "खाली अजून आहे." आणि त्यांचा आवाज बदलला. "फौजेची शिक्षणाची परीक्षा. तिसरा दर्जा, म्हणजे लिहिण्या-वाचण्याची पहिली पायरी. पहिल्या खेपेला पास."

गुरं राखणारा, शाळेची पायरी न चढलेला पोरगा. भावाची चौथी खिशात घेऊन गेला आणि दिवसभराच्या कवायतीनंतर पाटी घेऊन बसला. उचललेला दाखला त्यानं एका वर्षात आपला करून दाखवला. मी सातवी नापास हे काट्यावर कुणाला सांगत नसे. त्या ओळीकडे बघून मला लाजही वाटली आणि पहिल्यांदाच आपल्या रक्ताचा अभिमानही. मरायला तर तापही पुरतो. पण ती परीक्षा द्यायला त्याला कुणी सांगितलं होतं?

जत्रेच्या आदल्या दिवशी मी घरी पोचलो आणि वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी पान हातात घेतलं. मग विचारलं, "आईचं नाव कुठं हाय?" मी दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि तसेच बसून राहिले.

सकाळी आम्ही सुभेदारांकडे गेलो. त्यांनी पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मान हलवली. "फौजी गेला, हे खरं. पण कागदावर नाव थोरल्याचं हाय. मी कागदाबाहेर जाऊन पुकारू शकत नाही. विडा थोरल्याच्या घराला जाईल."

मी एवढा भित्रा, पण तावातावानं बोलायला तोंड उघडलं. वडिलांनी माझा दंड धरला. "तेच नाव पुकारा, सुभेदार. बा त्या नावानं गेला. आता मी बदलणारा कोण?"

पारावर पुकारा सुरू झाला. वडील या वेळी उठून गेले नाहीत, पण मागेच उभे होते. थोरल्या आजोबांचं नाव आलं तसं लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी जुनी आठवण होऊन हसलंही. सगळ्यांच्या नजरा चुलत्यांवर. ते जागचे हलले नाहीत.

"माझ्याकडं काय बघताय?" ते म्हणाले. "आमचा म्हातारा पासष्ट वर्षं जगला आणि घरात मेला. त्याला कशाचा विडा?" मग वडिलांकडे वळून, "जा की रं. का आता हात धरून न्यायचा?"

वडील पुढे गेले. त्यांनी विडा कपाळाला लावला तेव्हा सुभेदारांनी त्यांना सलाम केला. मी पुढचं नीट बघितलं नाही, डोळ्यांत पाणी होतं. परत येताना वडील चुलत्यांसमोर थांबले आणि दोघांनी एकाच वेळी तो विडा धरला, जणू कोण सोडतंय याची वाट बघत. त्या गडबडीत बैलांची आठवण मला झाली. दुपार झाली होती आणि ते खरोखरच तहानलेले होते.

विडा कुणीच खाल्ला नाही. निघताना वडिलांनी तो ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "त्या पनवेलच्या माणसाला दे." रस्ताभर मी दर स्टँडला फडकं भिजवत होतो, तरी पानाच्या कडा काळ्या पडल्या.

"सुकलाय रं," काकी म्हणाल्या.

काका खुर्चीतून उठले. बनियनवर होते, आत जाऊन शर्ट घालून आले, वरचं बटण लावलं. विडा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. डॉक्टरांनी त्यांना पान बंद केलेलं होतं, पण काकींनी त्या दिवशी अडवलं नाही. चावता चावताच त्यांनी वही ओढली आणि माझ्यासमोर ठेवली, आमच्या प्रकरणाच्या पानावर, शेवटची नोंद मी करावी म्हणून.