तळहाताआडचे वाक्य

हेडसेट आले त्या दिवशी एमआयडीसीतली वीज सकाळपासून गेलेली होती. खोकी दुपारपर्यंत टेबलाखालीच पडून राहिली.

बियाणे कंपनीच्या ग्राहक सेवा कक्षात आम्ही सहाजण होतो. पिशवीवर छापलेल्या क्रमांकावर शेतकऱ्यांचे फोन येत, ते घ्यायचे, एवढेच काम. मी त्याआधी एका दैनिकाच्या जालना कार्यालयात बातमीदार होतो. ते कार्यालय बंद झाले. अनोळखी माणसाशी फोनवर बोलता येते आणि ऐकलेले बिनचूक टिपता येते, या भांडवलावर मला इथे घेतले होते. कक्षात सगळे मला ‘पत्रकार’ म्हणत. त्यात आदर फारसा नव्हता.

हेडसेट घेण्याचे कारण शेजारची रि-रोलिंग मिल. सळया आदळण्याचा आवाज भिंत ओलांडून येई आणि पलीकडचा माणूस विचारी, “कुठून बोलून राह्यले? भंगारच्या दुकानातून का?” मुख्य कार्यालयाने यावर उपाय म्हणून बिनतारी, बाहेरचा गोंगाट गाळणारे हेडसेट पाठवले. जोडणीचे काम साहेबांनी माझ्याकडे दिले. पत्रकारांना यंत्रांतले कळते असा त्यांचा समज होता.

काम अवघड नव्हते. चार्जिंगचा बेस संगणकाला जोडायचा, हेडसेट त्यावर ठेवायचा, दिव्याची उघडझाप थांबून तो हिरवा स्थिर झाला की जोडी जमली. मग संगणकाला सांगायचे की आवाज आता इथून येईल आणि इथूनच जाईल. हे विसरले तर घंटी स्पीकरवर वाजत राहते आणि कानात काहीच येत नाही. एकाचा हेडसेट चुकून दुसऱ्याच्या बेसवर ठेवला तर जोडी मोडते, म्हणून प्रत्येकावर डेस्कचा आकडा चिकटवला. माइकची दांडी ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर ठेवायची. आपले बोलणे पलीकडे जाऊ द्यायचे नसेल तर दांडी पूर्ण वर करायची. कानात बारीक ‘टिक’ येते. ती आली म्हणजे माइक बंद.

हे शेवटचे मी दोनदा सांगितले, कारण कक्षातली सवय मला माहीत होती. जुन्या फोनवर सगळे जण बोलण्याच्या टोकावर तळहात ठेवत आणि मग खोलीशी बोलत. फोनवर एक संभाषण चाले आणि तळहाताआड दुसरे. खरे ते दुसरे असे. शेतकऱ्याला “नक्की पाहतो काका” म्हणायचे आणि हात ठेवून खोलीला सांगायचे, “काकांनी तणनाशक मारलंय डबल, अन् आता बियाण्यावर ढकलून राह्यले.” या पद्धतीला कक्षात नाव होते. कुणाला मोकळे बोलायचे असेल तर तो शेजारच्याला म्हणे, “हात ठेव जरा.”

“इथे हात चालणार नाही,” मी सांगितले. “हाताने आवाज अडत नाही. दांडीच वर करायची.”

“बरं, मास्तर,” डेस्क तीनच्या बाई म्हणाल्या. सगळे हसले. घंटी वाजली आणि काम सुरू झाले.

डेस्क तीनच्या बाई जुन्या जालन्यातून स्कूटीवर येत. शिक्षण शेतीतल्या पदवीचे. आवाज असा की शिव्या देत फोन करणारा माणूस दोन मिनिटांत “ताई, तुमचं गाव कोणतं” असे विचारू लागे. कंत्राटावर त्या आमच्या सगळ्यांत जुन्या होत्या. नवरा त्याच शेजारच्या मिलमध्ये ठेकेदाराकडे, मिल बंद पडली की घरी. वडील निवृत्त शिक्षक, त्यांचे आजारपण बाईंकडेच. दरवर्षी कक्षातल्या एकाला कंपनी कायम करी आणि त्या वर्षी नाव त्यांचे असेल असे साहेब दोन-तीनदा म्हणाले होते. त्या ते लपवत नसत. डबा खाताना म्हणत, “घरात एक तरी माणूस कायम पाहिजे हो. आमच्याकडं सगळेच टेंपररी. नवरा टेंपररी, मी टेंपररी. सासू तेवढी परमनंट.”

पेरण्या झाल्या आणि मक्याच्या एका लॉटबद्दल फोन येऊ लागले. एका लॉटमधल्या सगळ्या पिशव्या एकाच वेळी तयार झालेल्या असतात, त्यामुळे दोष असला तर तो एका पिशवीत नसतो. दोन-तीन तालुक्यांतून एकच वर्णन येत होते. तास, म्हणजे पेरलेल्या ओळी, मोकळे. उकरून पाहिले तर दाणा फुगून कुजलेला. आम्हाला बोलण्याचा मजकूर ठरवून दिला होता. पेरणी किती खोल केली, जमिनीत ओल किती होती, खत बियाण्याला लागले का, हे प्रश्न या क्रमाने विचारायचे. लॉटचा उल्लेख आपण होऊन करायचा नाही. आम्ही त्या क्रमाने विचारत होतो. दुपारपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी ते प्रश्न देवळातल्या आरतीसारखे पाठ झाले होते.

अशाच एका दुपारी बाईंना धावडा गावातून फोन आला. मी शेजारच्या डेस्कवर, माझ्या कानात वेगळाच माणूस बोलत होता. बाईंचा तळहात माइकवर गेलेला मी पाहिला आणि त्यांचे वाक्य ऐकले.

“आला बघा अजून एक. लॉटच मेलेला हाय, अन् आपण ह्यांना ओल विचारून राह्यलो.”

पलीकडच्या डेस्कवरून कुणीतरी म्हणाले, “विचारा, विचारा. ओल नसली तर घाम किती होता तेही विचारा.”

बाई हसल्या, हात काढला आणि आवाज पुन्हा मऊ करून म्हणाल्या, “हां दादा, तर पेरणी किती खोल केली होती?” मग थोडे थांबून, “दादा? हॅलो?” त्यांनी हेडसेट काढून बेसवर ठेवला.

“काय झालं?” कुणीतरी विचारले.

“म्हणे, ऱ्हाऊ द्या ताई, कळलं मला. ठेवला त्यांनी.”

दांडी वर होती की खाली, हे त्या वेळी कुणीच पाहिले नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा हेडसेट बंद पडला. बंद म्हणजे, ते तो दुसऱ्याच्या बेसवर ठेवून गेले होते आणि जोडी मोडली होती. मी त्यांच्या केबिनमध्ये टेबलाच्या कडेला उभा राहून ती पुन्हा जमवत होतो, तेवढ्यात शिपायाने एका शेतकऱ्याला आत आणले. पन्नाशीचा माणूस. हातात मक्याची रिकामी पिशवी, घडी घातलेली. धावड्याहून मोटरसायकलवर आल्याचे त्याने आपण होऊन सांगितले.

“बसा. तक्रार आहे ना?” साहेब म्हणाले.

“तक्रार हायेच साहेब. पण मी आधी तुमच्या ताईचं नाव काढायला आल्तो. तीन नंबर म्हणाल्या त्या फोनवर.”

“काय केलं त्यांनी?”

“खरं बोलल्या. दुसरं काय करायचं? चार वेळा फोन केला मी. सगळे ओल विचारतेत, खोली विचारतेत. ह्या बाईनं हळूच सांगून टाकलं, लॉटच मेलेला हाय म्हणून. माझ्या जिवाला बरं वाटलं. मी आपला घरात भांडत होतो, पोराला म्हणत होतो तूच खोल पेरलं. अशी माणसं पाहिजेत साहेब कंपनीत. पगार वाढवा त्यांचा.”

तो मनापासून बोलत होता. तळहाताआडून आलेले, दबलेले वाक्य त्याच्यापर्यंत पोचले होते, आणि आवाज दबलेला म्हणून ते आपल्याला विश्वासात घेऊन सांगितले असे त्याने धरले होते. बाईंनी आपल्यासाठी धोका पत्करला, तर निदान वरिष्ठांसमोर त्यांचे चांगले सांगावे, एवढ्यासाठी त्याने पेट्रोल जाळले होते.

साहेबांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी बाईंना बोलावून घेतले. बाई आल्या तेव्हा हेडसेट त्यांच्या गळ्यातच होता.

“मॅडम, हे धावड्याचे. तुम्ही यांना लॉट खराब आहे असं सांगितलं, असं म्हणतात.”

बाईंनी शेतकऱ्याकडे पाहिले. त्याने हसून हात जोडले. “वळखलं का ताई? ऱ्हाऊ द्या म्हणलो होतो, तो मीच.”

बाईंचा हात गळ्यातल्या माइकवर गेला आणि तिथेच राहिला. काय झाले ते त्यांना त्या क्षणी कळले असावे. साहेबांनाही कळले होते, मला वाटते. ते घाईत नव्हते.

“तुमच्या कायम होण्याचे कागद माझ्याकडेच आहेत, मॅडम,” ते म्हणाले. “या आठवड्यात सही करायची आहे. म्हणून विचारतो, नीट आठवून सांगा. हे यंत्र बिनतारी आहे. सहाजण एका खोलीत बोलतात. एकाचा आवाज दुसऱ्याच्या फोनवर मिसळतो. तसंच काहीतरी झालं असेल ना?”

असे होत नाही. प्रत्येक जोडी आपापल्या बेसशी बांधलेली असते. मी हातात तोच बेस घेऊन उभा होतो आणि साहेब माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांना माहिती नको होती. त्यांना एक होकार हवा होता, आणि तोही बाईंकडून.

“हो सर,” बाई म्हणाल्या. “तसंच झालं असेल. मी असं काही बोलले नाही.”

शेतकऱ्याने जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, “ताई, आवाज तुमचाच होता.”

“नाही दादा.”

“बरं, मंग साहेब, फोन लागला की तुमची ती बाई आधी सांगती, हा कॉल रेकॉर्ड होऊन राह्यला म्हणून. लावा ना तेवढं. दूध का दूध.”

“ते इथे नसतं. मुख्य कार्यालयाकडे जातं.”

“मंग मागवा.”

टेबलावरची एक फाइल साहेबांनी उचलली, दुसऱ्या बाजूला ठेवली. शेतकऱ्याने ती फाइल पाहिली, मग बाईंकडे पाहिले. बाई जमिनीकडे पाहत होत्या. कायम होण्याचा विषय त्याच्यासमोरच निघाला होता आणि तो काही दुधखुळा नव्हता.

“न्हाई, ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “असंल दुसरं कोणी. फोनवर सगळ्याच बाया सारख्या वाटतेत.”

तक्रारीचे मात्र बघा, एवढे सांगून त्याने पिशवी टेबलावर ठेवली. पाहणीला माणूस पाठवतो, असे साहेब म्हणाले. तो गेल्यावर त्यांनी मला विचारले, “जमलं का?” मी म्हटले, जमले. हिरवा दिवा लागला होता.

संध्याकाळी बाई स्कूटीजवळ थांबल्या होत्या. मिलमध्ये पाळी बदलत होती, फाटकाबाहेर मोटरसायकलींची गर्दी होती.

“तुम्ही काहीच बोलला नाहीत,” त्या म्हणाल्या.

“मला विचारलं नाही.”

“विचारलं असतं तर?”

“आवाज मिसळत नाहीत असं सांगितलं असतं.”

त्यांनी हेल्मेट घातले. “मंग बरं झालं न्हाई विचारलं,” म्हणाल्या आणि गेल्या.

त्या आठवड्यात सही झाली. बाईंनी पेढे आणले. सगळ्यांनी खाल्ले, मीही खाल्ला. डेस्क पाचवरचा म्हणाला, “आता सासूला कॉम्पिटिशन.” बाई हसल्या. पण त्या दिवसापासून त्या खोलीशी बोलेनाशा झाल्या. दांडी खाली केली की ठरवून दिलेला मजकूर, वर केली की शांतता. हळूहळू इतरांचेही तसेच झाले. पाहुणे आले की साहेब आमचा कक्ष दाखवीत. किती शिस्तीत काम चालते पाहा, म्हणत.

पाहणीला माणूस गेला तेव्हा धावड्याच्या त्या शेतात मका राहिलाच नव्हता. शेतकऱ्याने तो मोडून दुसरे पीक घेतले होते. उगवण न झाल्याचा पुरावा जागेवर आढळला नाही, असा अहवाल आला. तो खोटा नव्हता.

हंगामाच्या शेवटी उघड्या राहिलेल्या तक्रारी फोन करून बंद करायच्या असतात. कायम झालेल्यांकडे ते काम जाते. धावड्याची तक्रार बाईंच्या यादीत आली. त्यांनी ती माझ्या पडद्यावर ढकलली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “एवढी तुम्ही घ्या.”

मी फोन लावला. कंपनीतून बोलतो असे सांगितले. अहवाल वाचून दाखवला. पलीकडे ट्रॅक्टर चालू होता, तो बंद झाल्याचे ऐकू आले.

“कळलं,” शेतकरी म्हणाला. “भरपाई न्हाई, असंच ना?”

“हो.”

“बरं. तुम्ही त्याच खोलीतले का? त्या दिवशी साहेबापाशी उभे होते, हातात डबी घेऊन?”

“हो.”

“त्या ताईचं काम झालं का?”

“झालं.”

“झालं म्हणजे बराबर झालं,” तो म्हणाला. “मी विचारलं म्हणून सांगू नका त्यांना.” आणि फोन ठेवला.

पडद्यावर तक्रार बंद करताना कारण निवडावे लागते. पर्याय चार असतात. ‘तक्रारदार असमाधानी’ निवडले तर तक्रार पुन्हा उघडते आणि ज्याच्या नावावर ती होती त्याच्याकडे परत जाते. मी ‘समाधानी’ निवडले.

बाईंनी दांडी वर केली. “काय म्हणाले?”

“बंद झाली.”

त्यांनी मान हलवली, दांडी खाली घेतली आणि पुढचा फोन घेतला. “नमस्कार दादा, बोला,” त्या म्हणाल्या.