उजव्या बाजूची दाढ

आई तिसऱ्या घासाला थांबायची. डोळे मिटलेले, घास तोंडात तसाच, हात ताटाच्या काठावर. उजव्या गालातून कळ जायची आणि काही क्षणांत ओसरायची. पुढची येईल या धास्तीने ती घास चावायची नाही. तोंड धुणे तिने सोडले होते. ओल्या फडक्याने फक्त डावी बाजू पुसायची.

सिहोऱ्याला असताना तिने त्या बाजूच्या दोन दाढा काढून घेतल्या होत्या. कळ राहिलीच, म्हणून ती लाखनीला माझ्याकडे आली. त्याच आठवड्यात महामार्गालगतच्या एका सभागृहात दंत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे शिबिर होते. मला बातमीसाठी जायचेच होते. तिला सोबत नेले.

शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तिला तपासले. खुर्चीत बसताच आईने उजवीकडची दाढ दाखवून ती काढायला सांगितले. आरशाच्या दांड्याने एकेक दात ठोकून पाहिला.

"इथे दुखते, आजी?"

"नाही."

"इथे?"

"नाही ना बाई."

मग कापसाचा बोळा ओठाच्या कोपऱ्याला लागला आणि आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. विद्यार्थिनी थांबली. कळ ओसरल्यावर मला म्हणाली, "दात दुखणारा माणूस गाल दाबून धरतो. या हात जवळही नेत नाहीत. दाढ चांगली आहे. मला हे नसेचे दुखणे वाटते. सरांना दाखवू."

सर पाहुण्यांसोबत जेवायला गेले होते. शेजारच्या खुर्चीवरचा तिचा वर्गमित्र हसला.

"सर पाहुण्यांना गाडीत बसवूनच येतील. तुझ्या वहीत दोन दात कमी आहेत ना? आजी स्वतःहून देऊन राहिल्या."

परीक्षेआधी प्रत्येकाला ठरावीक दात काढल्याची नोंद दाखवावी लागते. ते मी सकाळीच बातमीसाठी टिपून घेतले होते.

"काढ ना बाई," आई म्हणाली. "काहून थांबून राहिली? आधीच्या डॉक्टरनं नाही इचारलं कोणाले."

विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिले. मला चारपर्यंत बातमी पाठवायची होती. मी म्हणालो, काढा. संमतीपत्रावर सही केली.

दाढ निघाली. मुळापर्यंत स्वच्छ, कुठेही कीड नाही. विद्यार्थिनीने ती कापसावर ठेवून मला दाखवली. केसपेपरच्या मागे तिने लिहिले, 'नसेचे दुखणे असावे, नागपूरला दाखवावे.' शिबिराचा रुग्णांनी लाभ घेतला, अशी बातमी मी वेळेत पाठवली.

आठव्या दिवशी आई पुन्हा तिसऱ्या घासाला थांबली. कळ त्याच जागेवरून गेली होती. तिथे आता दाढ नव्हती. मी केसपेपर काढून तिला वाचून दाखवला. दुखणे दाताचे नाही, त्या मुलीने ते ओळखले होते, नागपूरला जाऊ, असे समजावले.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"दाताचं नोहोतं, तं तूनं सही कायले केली?"

तिने ताट बाजूला सारले आणि जिभेने उजवी बाजू हळूच चाचपली.

"अजून एक आहे इकडं," ती म्हणाली. "आता शिबिर कधी आहे?"