मेंढीचे तीन दिवस

पडदा वर जातो तेव्हा समोर कवठे महांकाळच्या पूर्वेचा उघडा माळ. उजवीकडे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, डावीकडे जाळी लावून कोंडलेल्या मेंढ्या, आणि मधोमध उकिडवी बसलेली धोंडुबाई. हात कोपरापर्यंत ओले. पुढ्यात नुकतंच जन्मलेलं कोकरू लटपटत उभं राहू बघतंय. सकाळचं ऊन नेमकं तिच्याच तोंडावर पडलेलं.

अडलेली मेंढी सोडवावी तर धोंडुबाईनंच, असं चार गावांत बोललं जाई. लोक मोटरसायकलवर बसवून तिला घेऊन जात.

"आत्ती, तुमचा फोटो फ्लेक्सवर लावाय पायजे," सून मंगल म्हणायची.

"लाव की. पर काळ्या मेंढीशेजारी लाव, म्हंजी मी गोरी दिसंन!"

दोघी हसत. घरात हसायला त्या दोघीच होत्या. मंगलचा नवरा तानाजी दूर तमिळनाडूत, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात कामाला. वर्षातून दोनदा येई. मंगलला दोन मुली, धाकटी अजून अंगावर पीत होती.

धोंडुबाईचा एक नियम होता, सासऱ्याकडून आलेला. मेंढी गाभडली, म्हणजे अवेळी तिचा गर्भ पडला, की तिला कळपातून बाजूला काढायचं. पाणी तोडायचं. तीन दिवस हात लावायचा नाही. आतली घाण आपोआप पडते आणि चौथ्या दिवशी मेंढी उठून चरायला लागते. बऱ्याच उठायच्या. ज्या उठत नसत, त्या धोंडुबाईच्या लक्षात राहत नसत.

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मंगल चुलीपाशी पोट धरून बसली होती.

"आत्ती, मी गोळ्या खाल्ल्या."

"कसल्या?"

मंगलनं खाली बघितलं. धोंडुबाईला कळलं.

"कितवा म्हयना?"

"चवथा. बाजारात एका दुकानातनं आणल्या. त्यानं काय इचारलं न्हाई."

"आगं, मग सरकारी दवाखान्यात का न्हाई गेलीस?"

"दोन पोरी हायत्या मला. तिसऱ्या बारीला पोट पाडाय गेलं, की पोरगी हाय का बघून आली म्हणत्यात. पोलीस येत्यात म्हणं."

 पोलिसांचं धोंडुबाईलाही खरं वाटलं. आणि दुपारी मंगलचं पोट मोकळं झालं, ते एवढंसं मातीखाली गेलं, तेव्हा पुढं काय करायचं हे तर तिला पाठच होतं. तिनं सुनेला मागच्या खोलीत पोत्यावर निजवलं, मुलींना बाहेर काढलं, पाण्याचा तांब्या उचलून नेला.

पहिल्या दिवशी मंगल कण्हत होती. रक्त थांबत नव्हतं. "जातंय त्ये जाऊ दे," धोंडुबाई म्हणाली, "आत ऱ्हायलं तर वाईट."

दुसऱ्या दिवशी अंग तापलं. मंगल दात वाजवत दोन घोंगड्यांखाली थरथरत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार उघडताच वास आला. हा वास धोंडुबाईला ओळखीचा होता. मेंढीला तो आला असता, तर तिनं तिथल्या तिथं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला असता. इथं डॉक्टर म्हणजे पोलीस, म्हणून ती उंबऱ्यातच थबकली. मग आत जाऊन घोंगडी सारखी केली. एकच दिवस राहिला होता.

दुपारी तिचा धाकटा दीर बिराप्पा टेम्पो घेऊन कोकरं न्यायला आला. वासानंच तो आत गेला आणि पांढराफटक होऊन बाहेर आला.

"वैनी, कवाधरनं हाय ह्ये?"

"तिसरा दिस. उद्या उठंल बघ."

"उठंल? डोळं फिरवाय लागलीया ती!"

"आरं, तीन दिस तर पुरं हुंद्यात—"

"वैनी, माणूस हाय त्ये! मेंढी न्हवं!"

 धोंडुबाईनं आत जाऊन मंगलला खांद्याखाली धरलं. अंग फारच हलकं लागलं.

मिरजेपर्यंत टेम्पो कुठं थांबला नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काय खाल्लं, कधी खाल्लं, विचारलं. वाटेत सगळं ऐकलेला बिराप्पा पोलिसांच्या भीतीनं म्हणाला, "पाय घसरून पडली." धोंडुबाईनं त्याला बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. गोळ्या, चौथा महिना, तीन दिवस, तोडलेलं पाणी. काही लपवलं नाही.

बाईंनी कपाळाला हात लावला नाही, ओरडल्याही नाहीत. लिहिता लिहिता म्हणाल्या, "आजी, आत तुकडे राहिलेत, ते सडलेत. विष रक्तात गेलंय. गर्भपिशवी काढावी लागेल, तरी खात्री नाही." मग मान वर केली. "ही पहिल्याच दिवशी यायला हवी होती. गोळ्या खायच्या आधी आली असती, तर सरकारी दवाखान्यात कायद्यानं, फुकट करून दिलं असतं. कोणी पोलिसाला बोलावलं नसतं."



पिशवी काढली. मंगल त्यानंतर शुद्धीवर आली नाही, दुसऱ्या सकाळी गेली.

आता कुणी अडलेल्या मेंढीसाठी बोलवायला आलं, तर धोंडुबाई जाते. पण आधी दारात उभी राहून त्या घरातल्या बायकांची चौकशी करते. अंगावरून जातंय का, ताप हाय का, खरं सांगा. लोक हसतात. ती हसत नाही.

मंगल शेवटचं बोलली ती मिरजेच्या दवाखान्यात, ऑपरेशनला आत नेताना. चाकांची खाट दारापाशी क्षणभर थांबली होती. धोंडुबाई वाकली. मंगल म्हणाली, "आत्ती, ह्यास्नी लगीच फोन करू नगा. एकलंच हायती तिकडं, जेवायचं न्हाईत."