प्रॉम्प्टर मेन्ना

कुम्हेलिग या कोळशाच्या खाणीवरच्या गावात आडनावाचा काडीचा उपयोग नाही. निम्मं गाव जोन्स, उरलेलं डेव्हिस. म्हणून कुणी दूधवाला जोन्स, कुणी शववाहिकावाला जोन्स, आणि मेन्ना जोन्स म्हणजे प्रॉम्प्टर मेन्ना. चॅपेलमागच्या हॉलमध्ये होणाऱ्या नाटकांना ही बाई पस्तीस वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत आली. काय तिचे कान! नट अडखळायच्या आत शब्द पोचलेला असायचा. पण पदरचं अक्षर तिनं कधी घातलं नाही. "काहीतरी सुचवा हो," म्हणून एका नवख्यानं विनवलं, तर म्हणाली, "मी लेखक नाही. मुकाट पाठ कर."

लेखक झाला तो तिचा मुलगा रोड्री. घर आणि राजकारण, हेच त्याचे विषय. प्रत्येक नाटकात चौऱ्याऐंशीचा खाणकामगारांचा संप असायचा, आणि संप फोडून कामावर जाणारा एक मामा. तो मामा कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मेन्नाचा भाऊ इद्वल. चाळीस वर्षं गाव त्याच्याशी धड बोललं नव्हतं.

खरं काय ते मेन्नाला ठाऊक होतं. संपाच्या त्या हिवाळ्यात रोड्री सातव्या महिन्यातच जन्मला, एवढंसं पाखरू. घरात ना कोळसा, ना बाळाचं दूध. नवरा ग्वीन संपाचा पुढारी, उपाशी राहील पण वाकणार नाही. इद्वल पोलिसांच्या बंदोबस्तात खाणीवर गेला आणि त्या पगारातून घेतलेले दुधाचे डबे मागच्या दारानं बहिणीच्या हातात ठेवून म्हणाला, "चॅपेलनं दिले असं सांग. ग्वीनला कळलं तर डबे फेकून देईल तो. शपथ आहे तुला माझी."

ती गप्प बसली. ग्वीन जाऊन तीन वर्षं झाली तरी गप्पच. मुलाच्या नजरेतून उतरायची भीती, दुसरं काय!

आणि आता रोड्रीच्या नाटकांचा जाडजूड संग्रह निघाला. गावच्या हॉलमध्ये दुपारी प्रकाशन, वर चहा आणि मनुकांचा पाव. इद्वलही आला, दाराशीच टोपी हातात धरून उभा राहिला. मेन्नानं त्याला पाहिलं. आजवर नाटकं झाली नि विरली. पण पुस्तक घराघरांत राहणार, भावाच्या माथ्यावरचा डाग कायमचा होणार.

रोड्रीनं प्रसंग वाचायला घेतला. "बहीण विचारते: का गेलास रे कामावर? मामा काही बोलत नाही."

"तुझ्यासाठी गेला," मेन्ना खुर्चीतूनच म्हणाली.

रोड्री हसला. "आई, असं वाक्य नाहीये गं."

"नाहीच मुळी! कसं असेल? मी कधी सांगितलंच नाही तुला." मग उभं राहून तिनं सगळं सांगितलं, दुधाच्या डब्यांसकट. "गुन्हेगार मी आहे, रे. लाज वाटते मला."

"शपथ मोडलीस की गं, बये," इद्वल दारातून पुटपुटला.

"मोडली! फार आधी मोडायला हवी होती."

रोड्री पुस्तक तिथंच ठेवून मंचावरून खाली उतरला. मामासमोर उभा राहिला. "मामा, मी इतकं काय काय लिहिलं तुमच्यावर... एकदा तरी बोलायचं ना!"

"आलो होतो की बघायला," इद्वल म्हणाला. "प्रत्येक नाटकाला. मागं उभा राहायचो. सातव्या महिन्याचं पोर एवढं मोठं झालं म्हणायचो, आणि घरी जायचो."